७५ अंशांच्या पुढे

सकाळी ६:१०

जुलैचा पाऊस. वसतिगृहाच्या खोलीत वाळत घातलेला टॉवेल कालपासून ओलाच आहे. गजर व्हायच्या आधी ती उठते आणि चष्म्याच्याही आधी फोन उचलते. काल रात्री साडेनऊला लॅबमधल्या यंत्रावर एक चित्र रेंडरला लावलं होतं. ते पहाटे साडेपाचला पूर्ण झालंय. आठ तास. ग्राफिक्स कार्ड पुऱ्या जोरात चाललं की साडेचारशे वॉट ओढतं. म्हणजे एकट्या कार्डाने या एका चित्रापायी ३.६ युनिट वीज खाल्ली.

चित्र उघडतं. पैठणीचा तुकडा, नळकांड्यावर गुंडाळलेला. ताणा, म्हणजे उभा धागा, राणी रंगाचा; बाणा, म्हणजे आडवा, मोरपंखी. समोरून कापड जांभळट दिसतं. नजर सरकली की एका बाजूने राणी वर येतो, दुसऱ्या बाजूने मोरपंखी. ही धूप-छाँव चित्रात उतरली आहे. पण कापड जिथे गोलावरून मागे वळतं, त्या कडेला एक पांढुरकी रेघ आहे. खऱ्या कापडावर ती नाही.

“रेघ आहेच,” ती म्हणते आणि ब्रश शोधते.

ती संगणक-चित्रणात संशोधन करते. पीएचडीचं चौथं वर्ष. कापडावर पडलेला उजेड कोणत्या दिशेला किती परत येतो, याचं गणित मांडणं हे तिचं काम. दोन महिन्यांपूर्वी एका आंतरराष्ट्रीय परिषदेला शोधनिबंध पाठवला. आता परीक्षकांची मतं आली आहेत. परीक्षकांची नावं तिला माहीत नाहीत, तिचं त्यांना माहीत नाही. दोघांना काम आवडलंय. तिसऱ्याने एकच प्रश्न विचारलाय: तुमची मोजमापं ७५ अंशांपर्यंतच आहेत, पुढे काय होतं? उत्तर पाठवायची मुदत उद्या पहाटे साडेतीनची आहे.

सकाळी ७:००

मेसमध्ये पोहे, उकडलेलं अंडं, चहा. ती पोहे भरभर खाते आणि चहा सावकाश पिते.

विद्यावेतन महिन्याला ४२,००० रुपये. पहिली दोन वर्षं ३७,००० होतं. त्यातून मेस आणि वसतिगृहाचे पैसे जातात, १०,००० घरी जातात, शिक्षणकर्जाचा हप्ता जातो. उरतं त्यात मागच्या महिन्यात एक लेन्सचं झाकण आणि बहिणीच्या मुलाला सायकल.

घर येवल्याजवळच्या गावात. वडील एसटीत वाहक होते. तिने नाशिकला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात दोन वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी केली. मग मुंबईत एका व्हीएफएक्स स्टुडिओत लायटिंग आर्टिस्ट म्हणून लागली. पगार निम्म्यावर आला, तरी गेली. चित्रपटातल्या दृश्यात संगणकाने घातलेल्या वस्तूंवर उजेड बसवायचा, हे काम. एकदा एका राजवाड्याच्या दृश्यातला शालू तिच्याकडे आला. काही केल्या तो मेणकापडासारखा दिसायचा. सुपरवायझर म्हणाला, चालेल, दोन सेकंदांचा शॉट आहे.

“शॉट गेला. माझ्या डोक्यातून ते कापड गेलं नाही,” ती सांगते. “आई नेसते ती साडी तशी दिसत नाही, मग ही का दिसते? स्टुडिओत हे विचारायला वेळ नव्हता. म्हणून इकडे आले.”

नाव छापायला ती तयार नाही. काम मात्र हवं तेवढं दाखवते.

सकाळी ७:४५

पवई तलावापासून चालत दहा मिनिटांवर लॅब. छत्री दाराबाहेर. आत टेबलांच्या रांगेमागे एक छोटी खोली आहे. पूर्वी तिथे जुने मॉनिटर ठेवायचे. आता चारही भिंती आणि छत काळ्या मखमलीने मढवलंय. मखमल मंगलदास मार्केटमधून आणली, १८० रुपये मीटर. तिथल्या दुकानदाराने विचारलं, नाटकाचा पडदा का? तिने हो म्हटलं, कारण खरं सांगायला वेळ लागला असता.

खोलीच्या मध्यभागी तिने स्वतः जोडलेलं यंत्र. खाली फिरती तबकडी, तिच्यावर कापडाची चौकट. वर अॅल्युमिनियमचा अर्धगोल हात, त्याच्या टोकाला एलईडी. समोर तिवईवर कॅमेरा. तबकडी एक मोटर फिरवते, हात दुसरी. दोन्ही मोटरी लॅमिंग्टन रोडच्या, साडेआठशेला एक. पक्कं बिल मिळालं नाही, म्हणून ते पैसे प्रकल्पातून निघाले नाहीत. खिशातले गेले. सांध्यांचे तुकडे लॅबच्या थ्रीडी प्रिंटरवर छापलेत. तयार यंत्र परदेशातून मागवायचं तर लॅबचं वर्षाचं बजेट संपेल.

दिवा डोक्यावर सरळ असला की शून्य अंश. कापडाच्या पातळीला टेकला की नव्वद. निबंधासाठी तिने शून्यापासून पाच-पाच अंशांनी ७५पर्यंत दिव्याच्या सोळा जागा घेतल्या. प्रत्येक जागेला कापड दहा-दहा अंशांनी पूर्ण फिरवलं, म्हणजे छत्तीस वेळा. प्रत्येक वेळी शटर कमी-जास्त वेळ उघडं ठेवून पाच फोटो. सोळा गुणिले छत्तीस गुणिले पाच: २,८८० फोटो. दोन तास लागले.

आज चारच जागा हव्यात: ७८, ८१, ८४, ८७. फोटो ७२०. ऐकायला सोपं आहे.

सकाळी ८:३०

आधी कापड. तुकडा एका हवाबंद डब्यात असतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रेशीम हवेतलं पाणी ओढतं आणि पावसाळ्यात चौकटीवर सैल पडतं. ती हात धुते, पुसते, पातळ सुती हातमोजे घालते. बोटाचं तेल लागलं की तिथे चकाकी बदलते.

इस्त्री मंद. कापडावर मलमलचा रुमाल, त्यावरून इस्त्री. मग चौकटीवर ताणणं. एका बाजूला चार टाचण्या, समोरच्या बाजूला चार, मग उरलेल्या दोन बाजू. प्रत्येक टाचणी थोडी ओढून. फार ओढलं तर धागे तिरके होतात, कमी ओढलं तर मध्ये झोळ. ती डोळा चौकटीच्या पातळीला आणते आणि टॉर्च आडवा धरते.

“इथे बघा.”

मध्याच्या थोडं डावीकडे कापड किंचित उचललंय. सरळ बघताना दिसतही नाही. टॉर्च आडवा केला की तिथून सावलीचा पट्टा लांबतो. ती वहीत लिहून दाखवते: दिवा ८४ अंशांवर असेल तर एक मिलिमीटरची सुरकुती साडेनऊ मिलिमीटरची सावली टाकते. ८७ला एकोणीस. चौकटीतला सगळा भागच दहा सेंटिमीटरचा आहे.

तीन टाचण्या काढते. पुन्हा ताणते. पुन्हा टॉर्च.

सकाळी ९:२०

मोजणी सुरू. पहिला फोटो पांढऱ्या प्रमाण-फरशीचा, दुसरा चोवीस रंगचौकोनांच्या कार्डाचा. दिवा किती, कॅमेरा किती पाहतो, हे आधी ठरवून घ्यायचं. मग कापड. दार बंद. मॉनिटर बंद. लॅपटॉपच्या दिव्यावरही काळी चिकटपट्टी.

आत फक्त आवाज: मोटर सरकते, थांबते, शटर पाच वेळा उघडतं. पुन्हा मोटर. आडव्या उजेडात कापडावरून परत येणारा प्रकाश फार थोडा. उघडझाप लांबवावी लागते. अर्ध्या तासाचं काम पन्नास मिनिटांवर जातं.

बाहेर बसून ती आकडे येताना पाहते. दहा वाजून पाच मिनिटांनी मान हलवते. ८४ अंशांच्या रांगेत एका दिशेचे आकडे अचानक पडलेत. चौकट उघडून बघितलं तर एक टाचणी निघाली होती. सगळे फोटो पुसून टाकते. इस्त्री, रुमाल, टाचण्या, टॉर्च. या वेळी टाचण्या जास्त लावते.

सकाळी ११:३०

दुसरी मोजणी नीट झाली. फोटो उतरवून घेता घेता ती तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. यूएसबीला जोडायचा छोटा सूक्ष्मदर्शक, २,४०० रुपये.

पडद्यावर पैठणी राहत नाही. राणी रंगाचे बारीक उभे धागे, त्यांच्या वरून-खालून जाणारे मोरपंखी आडवे. प्रत्येक धागा म्हणजे तंतूंचा जुडगा. प्रत्येकावर उजेडाची एक लकेर. ती समजावते: धागा हा बारीक दांडा. दांड्यावर उजेड पडला की तो एका शंकूच्या आकारात परत फिरतो, शंकूचा अक्ष धाग्याच्या दिशेने. उभ्या धाग्याचा शंकू एकीकडे, आडव्याचा त्याला काटकोनात. तुमचा डोळा एका शंकूत असला तर राणी दिसतो, दुसऱ्यात गेला तर मोरपंखी. धूप-छाँव म्हणतात ती एवढीच.

“एवढीच” म्हणते, पण या एवढ्यावर अनेकांची वर्षं गेली आहेत. जिम कजिया आणि टिमथी के यांनी १९८९मध्ये केसाळ अस्वलाच्या खेळण्याचं चित्र काढताना केसावरच्या उजेडाचं सूत्र दिलं. २०१२मध्ये पिती इरावन आणि स्टीव्ह मार्शनर यांनी विणलेल्या कापडाचं सविस्तर मांडलं. ती त्यांच्या पुढचा एक लहान तुकडा जोडते आहे: ताणा आणि बाणा सारखे नसतील, आणि एकमेकांना झाकत असतील, तर काय होतं.

पडद्यावर पट्टी ठेवून ती मोजते. आडवा धागा जाड दिसतोय. एका चौकटीत राणीचं दिसणारं क्षेत्र चाळीस टक्क्यांच्या आसपास, मोरपंखीचं साठ. तिच्या प्रोग्रॅममध्ये दोघांना पन्नास-पन्नास दिलंय. निबंधातही तेच लिहिलंय.

ती थोडा वेळ गप्प बसते. मग फोन उचलते.

दुपारी १२:०५

येवल्याचे विणकर. तुकडा त्यांनीच विणून दिला. एका साडीचा ताणा संपता संपता उरलेल्या लांबीवर अर्धा मीटर, २,२०० रुपयांना. मागे माग चालल्याचा ठोका ऐकू येतो.

“बोला ताई. मुंबईला पाऊस आहे का?”

“आहे काका. एक विचारायचं होतं. त्या राणी-मोरपंखी तुकड्याला बाणा एकेरी घातलाय का दुहेरी?”

“एकेरी कशाला घालू? अंगाला भरीवपणा नको? ताणा एकेरी, बाणा दुहेरी. जोडून घेतलाय.”

“पीळ?”

“पीळ नाही दिला. पीळ दिला तर चमक जाते ना.”

ती वहीत लिहिते: बाणा दुहेरी, विनापीळ. काका विचारतात, झालं का तुमचं संगणकातलं कापड? ती म्हणते, होतंय. ते म्हणतात, तोवर आमच्या दोन साड्या उतरल्या मागावरून. पावसाने मागाच्या खड्ड्यात ओल आलीय, काम हळू चालतं. मजुरी साडीवर मिळते, तासावर नाही. फोन चालू असतानाही ठोका थांबलेला नाही.

दुपारी १:००

जेवण. दोन पोळ्या, दुधी, आमटी, भात. शेजारी पहिल्या वर्षाचा मुलगा बसलाय. “ताई, तुमचं सबमिशन झालं की मला थोडं कार्ड मिळेल का?” लॅबमध्ये चांगलं कार्ड एकच, वापरणारे सात जण. भिंतीवर वेळापत्रक आहे. आज संध्याकाळी साडेसातपासून चार तास तिचे. ती त्याला उद्याची सकाळ देते.

फोनवर स्टुडिओतल्या जुन्या मैत्रिणीचा मेसेज. पुन्हा कामाच्या शोधात आहे. शिकवणीचं काही असेल तर कळव. ती संस्थेच्या आवारातल्या दोन-तीन ठिकाणांची नावं पाठवते आणि एका प्राध्यापकांचा कार्यालयाचा पत्ता.

दुपारी २:००

शिकवण्याचं काम. विद्यावेतनाच्या बदल्यात आठवड्याचे काही तास द्यावे लागतात. पदवीच्या वर्गाची प्रयोगशाळा. आजचा प्रयोग: किटलीवर चकाकी आणा.

किटली तीच, जी जगभरच्या या विषयाच्या वर्गांत असते. १९७५मध्ये युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएलला प्रयोगासाठी एक आकार हवा होता. घरातली चहाची किटली समोर ठेवून त्याने ती आलेखाच्या कागदावर काढली आणि बिंदूंचे आकडे संगणकात भरले. तळ काढलाच नाही. किटली टेबलावर असते, तळ दिसत नाही. मूळची चिनीमातीची किटली आता कॅलिफोर्नियात संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात आहे. आकडे मात्र कोणालाही मिळतात, फुकट.

चकाकीचं सूत्र बुई तुओंग फोंगचं. हनोईत जन्मलेला, युटात शिकलेला. १९७३मध्ये त्याचा प्रबंध झाला, १९७५मध्ये सूत्राचा निबंध छापून आला आणि त्याच वर्षी तो वारला. वय तिशीतलं. फळ्यावर सूत्र एका ओळीत बसतं: उजेड परत फिरण्याची दिशा आणि डोळ्याची दिशा यांतल्या कोनाची कोसाइन घ्या, तिला हव्या त्या घातांकाला चढवा. घातांक वाढवला की चकाकीचा ठिपका लहान आणि तीव्र होतो.

“मॅडम, माझी किटली काळीच येतेय,” मागून एक मुलगा.

ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहते. माउसला हात लावत नाही. “पृष्ठभागाची दिशा कुठे बघतेय ते छाप.” तो छापतो. सगळ्या दिशा आत बघतायत. एक उणे चिन्ह बदलतो. किटली उजळते. ती पुढच्या खुर्चीकडे जाते. दोन तासांत असं वीस वेळा.

दुपारी ४:१५

लॅबमध्ये परत. चहा, टेबलावरच. आता ती पांढुरकी रेघ.

या धंद्यात एक कसोटी आहे, व्हाइट फर्नेस टेस्ट. वस्तू अशा जागी ठेवायची जिथे सगळ्या दिशांनी सारखाच पांढरा उजेड येतो. वस्तूचा रंग काढून टाकायचा, म्हणजे ती उजेड अजिबात शोषणार नाही. गणित बरोबर असेल तर जेवढा उजेड पडला तेवढाच परत यायला हवा. वस्तू आणि पार्श्वभूमी एकसारखी. वस्तू दिसताच कामा नये.

ती एका गोळ्यावर आपलं कापड चढवते आणि चालवते. लहान चित्र, दोन मिनिटांत तयार. पांढऱ्यावर पांढरा गोळा. मधला भाग खरोखर दिसत नाही. पण कडेला एक वर्तुळ स्पष्ट आहे, पार्श्वभूमीपेक्षा उजळ. त्यावर माउस नेते. आकडा १.०६.

“एक रुपया दिला, एक रुपया सहा पैसे परत आले. असं कापड जगात नाही.”

परीक्षकाने नेमकं इथेच बोट ठेवलं होतं. ७५ अंशांपुढे.

ती प्रोग्रॅम छापून घेते. तिला पडद्यावर चूक सापडत नाही, कागदावर सापडते. पेन्सिलने एकेक ओळ. ताण्याचा वाटा, बाण्याचा वाटा. दिवा तिरका झाला की उंच धागा शेजारच्याला झाकतो. ताण्याचा झाकलेला भाग वजा केलाय. तो झाकणारा बाणा आता जास्त दिसणार, तोही वाढवलाय. पण किती? मूळ पन्नास-पन्नास धरून. दोघांच्या वाट्यांची बेरीज प्रत्येक कोनाला एक यायला हवी. ती वेगवेगळ्या कोनांसाठी बेरीज काढते. ६०ला १.००. ७५ला १.०१. ८४ला १.०६.

संध्याकाळी ५:४०

दुरुस्ती सात ओळींची. वाटे आता सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेले, चाळीस आणि साठ. बाणा दुहेरी म्हणून त्याची उंची जास्त. झाकलेलं जेवढं वजा, तेवढंच झाकणाऱ्याला जमा, बेरीज एकवर बांधलेली.

पुन्हा गोळा. दोन मिनिटं. उजळ वर्तुळ गेलं. आता कडेला अगदी फिकट, किंचित गडद कड. आकडा ०.९८.

मी विचारतो, हे दोन पैसे कुठे गेले?

“धाग्याधाग्यांत. उजेड एका धाग्यावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर जातो आणि मग बाहेर येतो. माझं सूत्र पहिलीच उडी धरतं. ते दोन पैसे आतच राहिले.”

गुणून एक करून टाकता येतं. एक ओळ लिहिली की कसोटी पास. ती ओळ ती लिहीत नाही. वहीत नोंद करते: ०.९८, बहुविध परावर्तन धरलेलं नाही, निबंधात लिहायचं.

संध्याकाळी ६:३०

तिच्या मार्गदर्शक सरांची खोली. फळ्यावर कोपऱ्यात एक समीकरण कायमचं आहे, त्याभोवती चौकट आणि ‘पुसू नये’. कजियांचं १९८६चं रेंडरिंग इक्वेशन. एका बिंदूतून डोळ्याकडे येणारा उजेड म्हणजे त्याचा स्वतःचा उजेड, अधिक चहूबाजूंनी त्यावर पडून परत फिरलेला. या विषयातली बहुतेक मोठी यंत्रणा याच एका ओळीची उत्तरं काढत बसलेली असते.

मुंबईत हे काम जुनं आहे. जुहूला राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होतं, एनसीएसटी. २००३मध्ये ते सी-डॅकमध्ये गेलं. एस. पी. मुदूर यांनी तिथे संगणक-चित्रणाचा विभाग उभा केला. सुलेखनकार र. कृ. जोशी तिथेच येऊन बसायचे. विंडोजवर ज्यातून बहुतेकांनी पहिल्यांदा देवनागरी वाचली, तो मंगल हा फॉन्ट त्यांनी रेखाटला. अक्षराचं वळण आकड्यांत कसं बांधायचं, हाही याच विषयातला प्रश्न.

सर आलेख बघतात. आडव्या अक्षावर कोन, उभ्यावर परत आलेला उजेड. ठिपके मोजलेले, रेघ सूत्राची. ८४पर्यंत ठिपके रेघेला धरून आहेत. ८७चा ठिपका सुटलाय, रेघेच्या बराच वर.

“हा का?”

“सर, तिथे सुटे तंतू उजेड पकडतायत. कापडावर बारीक लव आहे, ती सूत्रात नाही.”

“मोजणीची चूक नाही ना?”

“टाचणी निघाली ती मोजणी पुसली, सर. चौकट नव्याने ताणून पुन्हा मोजलं.”

सर मान हलवतात. पन्नास-पन्नास चुकलं होतं हे उत्तरात पहिल्याच वाक्यात लिही, म्हणतात. परीक्षकाला शोधायला लावू नकोस. मोठं रंगीत चित्र मागे टाक, आलेख पुढे घे. बैठक वीस मिनिटांची.

संध्याकाळी ७:५०

कार्ड मिळालं. चित्र लावते. बाजू १,०२४ बिंदूंची, प्रत्येक बिंदूसाठी १,०२४ किरण सोडायचे. गुणाकार १०७ कोटींच्या वर. प्रत्येक किरण डोळ्यापासून निघतो, कापडावर आपटतो, एक दिशा चिठ्ठी काढल्यासारखी निवडतो आणि दिव्यापर्यंत पोहोचतो का बघतो. सगळ्यांची सरासरी म्हणजे त्या बिंदूचा रंग. किरण कमी पडले तर चित्रावर रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात. मधूनच एखादा बिंदू लख्ख पांढरा पेटतो. त्यांना लॅबमध्ये काजवे म्हणतात.

रवा निम्मा करायचा तर किरण चौपट लागतात. पुन्हा निम्मा, तर पुन्हा चौपट. १,०२४ किरणांना चाळीस मिनिटं, ४,०९६ला दोन तास चाळीस मिनिटं. तिच्याकडे साडेअकरापर्यंत वेळ आहे. ती ४,०९६ घालते. आठ तास मागणारं रात्रीचं मोठं चित्र या निबंधात आता जाणार नाही.

वाट पाहणं या कामात पहिल्यापासून आहे. टर्नर व्हिटेडने बेल लॅब्जमध्ये काचेच्या गोळ्याचं आणि चौकटीच्या फरशीचं प्रसिद्ध चित्र किरणांच्या पद्धतीने काढलं, ते १९८०मध्ये छापून आलं. ६४० बाय ४८० बिंदू. व्हॅक्स यंत्रावर ७४ मिनिटं लागली. यंत्रं तेव्हापासून कितीतरी वेगवान झाली. चित्रात घालायच्या गोष्टीही तेवढ्याच वाढल्या. आज व्हिडिओ गेममध्ये सेकंदाला साठ चित्रं लागतात. तिचं सूत्र तिथे पोहोचायचं तर आणखी खूप छाटावं लागेल.

रात्री ८:४५

कॅन्टीन. वडापाव दोन, कटिंग एक. पावसाने गर्दी कमी. इथे ती काम बोलत नाही. बहिणीला फोन करते. भाच्याने सायकलची घंटा तोडलीय.

पीएचडी झाल्यावर काय, हे मी इथेच विचारतो. ती बोटांवर मोजते. परदेशातल्या स्टुडिओंचे संशोधन विभाग, ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपन्या, गेम कंपन्या, कपड्यांचं ऑनलाइन दुकान चालवणारे. शेवटच्यांचा एक फोन येऊन गेलाय. मॉडेल आणि छायाचित्रकाराविना साडी दाखवायचीय त्यांना. पगार चांगला सांगितला.

“तुम्ही काय सांगितलं?”

“निबंध होऊ दे म्हटलं. आणि विचारलं, पदर मोजायला मिळेल का? जरीवर माझं काहीच चालत नाही अजून.”

रात्री ९:३०

उत्तर लिहिणं. शब्दांना मर्यादा आहे, म्हणून प्रत्येक वाक्य तासून घ्यावं लागतं. पहिलं वाक्य सरांनी सांगितलेलं: परीक्षकांचा संशय बरोबर होता, ७५ अंशांपुढे आमचं सूत्र पडलेल्यापेक्षा जास्त उजेड परत देत होतं. दुसरं, कारण. तिसरं, दुरुस्ती आणि नवी मोजणी. चौथं, कसोटीत राहिलेले दोन टक्के. पाचवं, ८७ अंश.

पाच वाक्यांना तास जातो. आभाराची एक ओळ लिहिते, शब्द जास्त होतात, काढते. ताण्या-बाण्याच्या जाडीचा आकडा आधी ‘अंदाजे’ लिहिला होता. वही उघडते, मोजलेले आकडे पुन्हा बघते, ‘अंदाजे’ खोडून आकड्यामागे कमी-जास्तीची मर्यादा घालते.

रात्री १०:३५

चित्र आलं. ती पडद्यावर दोन चौकटी शेजारी ठेवते. डावीकडे सकाळचा फोटो, ८१ अंशांचा. उजवीकडे संगणकाने काढलेलं. मला ओळखायला सांगते. मी चुकतो. तिला त्याचं काही वाटत नाही.

“डोळा फसतो. माझाही फसतो. आकडे बघू.”

बिंदूगणिक वजाबाकी. फरक जिथे जास्त तिथे लाल, कमी तिथे निळा. कड निळी आहे. सकाळी तिथे पांढुरकी रेघ होती. मध्यात डावीकडे एक लालसर डाग. ती फोटो मोठा करते, धागे मोजते. तिथे बाण्याचा एक धागा नेहमीपेक्षा जाड विणला गेलाय. हातमागावर असं होतं. सूत्रात सगळे धागे सारखे धरलेत. डाग तसाच राहतो, खाली एक ओळ जाते.

रात्री ११:४०

आलेख, वजाबाकीचं चित्र, पाच वाक्यं. सगळं एका फाइलमध्ये. फाइलच्या आत कुठे स्वतःचं नाव राहिलंय का, हे ती दोनदा तपासते, कारण नाव सापडलं तर निबंध बाद होतो. सर घरून वाचून ‘ठीक’ असं उत्तर देतात. अकरा पंचेचाळीसला ती पाठवते. मुदतीला पावणेचार तास आहेत.

निबंध स्वीकारला जाईल की नाही, ते काही आठवड्यांनी कळेल. स्वीकारला तर आज दिवसभराच्या कामातून त्यात उरेल एक परिच्छेद, एक आलेख आणि सात ओळींचा प्रोग्रॅम. प्रोग्रॅम ती सगळ्यांसाठी खुला ठेवणार आहे. कुठल्या तरी स्टुडिओत कोणाकडे शालू आला, तर त्याला हे उघडून बघता यावं.

आलेखातला ८७ अंशांचा ठिपका तिने काढलेला नाही. अक्ष ८५वर संपवला असता तर तो दिसलाही नसता. तो आहे तिथेच आहे, रेघेपासून सुटलेला, कमी-जास्तीच्या मर्यादेसकट. तिच्या पुढच्या वर्षाचं काम तिथून सुरू होतं.